सात मीटर खोल हळद

माती खायला लागून इरावतीला चार वर्षं होत आली होती, आणि आता तिच्यात आणि तिच्या नोंदणीत फक्त एका सहीचं अंतर उरलं होतं.

खरंच खायची हो! भूवैज्ञानिक खातात. ड्रिलच्या नळीतून वर आलेल्या मातीचा हरभऱ्याएवढा गोळा पुढच्या दातांत धरायचा आणि हलकेच चावायचा. कचकचली तर गाळ, लोण्यासारखी सरकली तर चिकणमाती. मग थुंकायचं आणि वहीत लिहायचं. पहिल्या महिन्यात इरावतीला मळमळायचं. चौथ्या वर्षी ती डबा खाताखाता माती चाखत होती.

पण नुसती माती खाऊन कुणी भूवैज्ञानिक होत नाही आणि ऑकलंड युनिव्हर्सिटीची डिग्री भिंतीवर लावूनही होत नाही. डिग्रीनंतर चार वर्षं एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली राबायचं, केलेलं प्रत्येक काम फाइलला लावायचं, त्या माणसाने शेवटच्या पानावर सही करायची, मग मंडळासमोर मुलाखत, आणि मग कुठे नोंदणी. तोवर चिखल तुडवायचा इरावतीने, रिपोर्ट लिहायचा इरावतीने आणि खाली सही कुणाची? मरेची. मरे म्हणजे तिचा साहेब. साठीला टेकलेला, भुवया झुडपासारख्या, आणि शब्द असे जपून काढणार की जणू त्याला ते कुणाला तरी परत करायचेत.

साल १९९६, महिना जुलै. मुलाखत ऑगस्टच्या बावीस तारखेला. फाइलमध्ये एकच काम बाकी होतं आणि ते नेमकं घरचंच निघालं. विनयाताईचा प्लॉट, घर बांधण्याआधी तिथली माती तपासायची!

विनयाताई, इरावतीची थोरली बहीण, हॉस्पिटलात फार्मासिस्ट, तिचे यजमान सुधाकर तिथेच डॉक्टर. माउंट रॉस्किलच्या त्यांच्या भाड्याच्या घरातली मागची खोली इरावतीची. सुधाकरभाऊजींना इथली डॉक्टरकीची परीक्षा दुसऱ्या फेरीत, तीन वर्षं डोकं आपटून सुटली होती, त्यामुळे त्या घरात 'नोंदणी' हा शब्द आवाज खाली करून उच्चारला जायचा. पास झाल्याझाल्या दोघांनी ऑकलंडच्या उत्तरेला, मोटरवे संपतो त्याच्याही पुढे, एका हिरव्यागार उतारावर जागा घेतली. "नॉर्थ-फेसिंग आहे! दिवसभर ऊन!" हे विनयाताईने पोस्टमनलासुद्धा ऐकवलं होतं.

गेल्या दसऱ्याला त्यांनी तिथे भूमिपूजन केलं. इरावती तेव्हा कामासाठी टाउपोला होती. गुरुजी कुठून आणणार? म्हणून पुण्याच्या काशिनाथ गुरुजींनी सगळा विधी कॅसेटवर बोलून पाठवला होता. दोघांनी गाडीतला टेप मोठ्याने लावून, दारं उघडी ठेवून, गाईंच्या साक्षीने पूजा उरकली आणि ईशान्येच्या कोपऱ्यात हातभर खोल तांब्याचा कलश पुरला. आत सुपारी, हळद, नाणं.

म्हणूनच बोअर कुठे घ्यायचे हे ठरवताना इरावतीने सगळ्यात आधी ईशान्य कोपरा सोडला. ताईच्या कलशातून ड्रिल घालायची म्हणजे काय! तिसरा बोअर तिने मुद्दाम सगळ्यात लांब, समोरच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात घेतला. मरेला कारण सांगितलं नाही.

रिग, म्हणजे बोअर घ्यायचं यंत्र, हेमीची. हेमी म्हणजे दाराएवढा माणूस, कडाक्याच्या थंडीत शॉर्ट्स आणि गमबूट. नव्या जागी इंजिन सुरू करण्याआधी तो टोपी काढून माओरीत दोन ओळी पुटपुटायचा. त्या दिवशी त्याने त्या दोनदा म्हटल्या.

"एकदा पुरत नाही का?" इरावतीने चिडवलं.

"इथे नाही पुरत," तो म्हणाला आणि हसला नाही.

पहिले दोन बोअर स्वीट ॲज, एकदम झकास! तिसऱ्यात सात मीटरच्या खाली गेल्यावर रिगचा आवाजच बदलला. घरघर एकदम पोकळ झाली, रिकाम्या पिंपावर कुणी बोटं वाजवावीत तशी. कुंपणापाशी रवंथ करणाऱ्या गाई थांबल्या. त्यांनी माना वळवल्या नाहीत, पळाल्या नाहीत, फक्त तोंडं हलवायची थांबल्या.

नळी वर आली. इरावतीने मातीचा तो लांबलचक दंडगोल लाकडी ट्रेमध्ये उतरवला. हिरवट करडी माती, गार, ओली. तिने सवयीने चिमूटभर तोडली आणि दातांत धरली. कचकच नाही. लोणी. चिकणमाती, छान!

आणि मग जिभेवर हळद आली.

ती थुंकायचीच विसरली. हळद कशी कळणार नाही तिला? आठ हजार मैल लांब राहिलं म्हणून काय झालं? हळदच होती ती, आणि हळदीच्या मागे जुन्या कापराचा गार वास. तिने सुरी लावली, तर सुरी लागायच्या आधीच माती तिरकी उकलली, जणू तिथे ती कधी जोडलेलीच नव्हती. आतला पृष्ठभाग आरशासारखा लखलखीत. डोंगराचा वरचा थर खालच्यावरून घसरला की मधली माती घासून घासून अशी चकाकते, हे इरावतीने पुस्तकात शंभर वेळा वाचलं होतं. पण ह्या आरशात तिचा स्वतःचा चेहरा होता, लांबट ओढलेला, आणि त्या चेहऱ्याच्या कपाळावर, कुंकू लावतात बरोबर तिथे, एक सुपारी रुतून बसली होती. शेजारी तांब्याचा नखाएवढा, चेपलेला तुकडा.

हेमीने इंजिन बंद केलं.

"हे तुझ्या लोकांचं आहे का?"

"हो."

"सात मीटर तीस," त्याने नळीवरची खूण वाचली. "कुणी ठेवलं तिथे?"

इरावतीने वही उघडून खोली लिहून घेतली. हेमीने सामान आवरलं आणि त्या दिवशी तो परत त्या कोपऱ्याकडे फिरकला नाही.

ऑफिसात मरेने तो आरसा चष्मा कपाळावर चढवून पाहिला. "जुनी घसरण. दहा हजार वर्षांपूर्वी केव्हातरी सरकली आणि मेली. ह्या उताराला मी ओळखतो. पाण्याला वाट काढून दिली की घर मजेत उभं राहतं." मग त्याने तिची नोंद वाचली आणि पेन्सिलीचं टोक एका ओळीवर टेकवलं: 'सात मीटर तीस, सुपारी एक, तांब्याचा तुकडा, हळदीची चव.'

"ही ओळ काढ."

"पण ते तिथे होतं, मरे."

"तुमच्या कुठल्या पूजेबिजेचं असेल. वरून नळीबरोबर खाली गेलं."

"पूजा समोरच्या कोपऱ्यात झाली. तीस मीटर लांब."

"मग तुझ्या खिशातून पडलं."

"मी काय खिशात सुपाऱ्या घेऊन फिरते?"

मरेने भुवया उचलल्या. "इरा, मंडळात तिघं बसतात. तिघंही माझ्यासारखे म्हातारे. त्यांना सांगणार तू, की सात मीटरवरची माती करीसारखी लागली?"

"करीसारखी नाही. हळदीसारखी," इरावती म्हणाली. कान तापले होते तिचे, पण आवाज काही हलला नाही. "आणि सुपारी ताजी आहे. घसरण दहा हजार वर्षांपूर्वी मेली असेल, तर तिच्या पोटात नऊ महिन्यांपूर्वीची सुपारी कशी गेली?"

 मरेने फाइल तिच्याकडे सरकवली. "ओळ काढलीस तर आज सही करतो. नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! म्हणजे आणखी एक वर्ष दुसऱ्याच्या सहीखाली. फाइल छातीशी धरून ती बसने घरी आली. खोडरबर तिच्या खिशातच होतं. एक ओळ. तीन सेकंदांचं काम.

"मग काढून टाक की," विनयाताई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "सुपारीच तर आहे. कुणाचं काय अडलंय तिच्यावाचून?"

"ताई, ती तुझी सुपारी आहे."

"माझी? माझी ईशान्येला आहे, सुखरूप. उगाच भलतंसलतं बोलू नकोस. ह्यांनी किती प्रेमाने पुरलीय ती."

"दाखव मला."

"शनिवारी दाखवते," विनयाताईने पोळी तव्यावर आपटली. "आणि कलश निघाला ना, की माझ्यासमोर ती ओळ खोडायची. कबूल?"

"कबूल."

शनिवारी अकरा वाजता तिघं प्लॉटवर पोचले. ऊन होतं, पण पातळ. ईशान्य कोपऱ्यात इरावतीने कुदळ मारली. गवताखाली काळी माती, तिच्याखाली पिवळी, तिच्याखाली तांबूस. एकावर एक अशा त्या निजल्या होत्या की बघूनच कळावं, इथे जग निर्माण झाल्यापासून कुणाची कुदळ लागलेली नाही. तिने खड्डा रुंद केला. गुडघाभर गेली. कलश नाही. नाण्याचा गंज नाही. काही म्हणजे काही नाही.

"असं कसं होईल?" विनयाताईचा आवाज बारीक झाला. "मी स्वतःच्या हातांनी माती लोटली होती."

"कोपरा हाच होता?"

"सगळे कोपरे सारखेच दिसतात! पण कॅसेटवर सांगितला तोच!"

सुधाकरभाऊजी गाडीकडे गेले. कॅसेट अजून कप्प्यात होती. त्यांनी ती लावली, आणि त्या ओसाड उतारावर काशिनाथ गुरुजींचा खणखणीत आवाज उमटला: "मध्यान्हीच्या सूर्याकडे तोंड करून उभे राहावे. ही झाली दक्षिण. डावा हात पूर्वेस. आता पाठीमागे, डाव्या अंगाला जो कोपरा, तो ईशान्य."

भाऊजी आज्ञाधारक मुलासारखे उभे राहिले. सूर्याकडे तोंड केलं, डोळे किलकिले केले, डावा हात पसरला आणि मागे बोट दाखवलं.

इरावतीने आधी बोटाकडे पाहिलं आणि मग सूर्याकडे.

"भाऊजी, सूर्य कुठे आहे?"

"हा काय, समोर."

"समोर म्हणजे कुठली दिशा?"

 उत्तर विनयाताईने दिलं, अगदी हळू. "नॉर्थ. इथे सूर्य नॉर्थला असतो. ऊन यावं म्हणूनच तर आपण नॉर्थ-फेसिंग..."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिघं पोट धरून हसली असती. चार-चार डिग्र्या असलेली माणसं, पुण्याचा सूर्य डोक्यात घेऊन न्यूझीलंडच्या उन्हात उभी! पण कुणी हसलं नाही, कारण भाऊजींचं बोट दाखवत होतं तिथे तिसऱ्या बोअरची पांढरी नळी उभी होती. जो कोपरा टाळण्यासाठी इरावती तीस मीटर लांब गेली होती, नेमक्या त्याच कोपऱ्यात जाऊन पोचली होती ती.

नळीपासून दोन पावलांवर गवत जरा जास्तच हिरवं होतं. कुदळ मारायची वेळच आली नाही. इरावतीने गवताला हात घातला आणि दुधावरची साय निघावी तसं ते मुळांसकट उचललं गेलं. खाली खड्डा होता. हातभर खोल, व्यवस्थित, कलशाच्या मापाचा. रिकामा. आणि त्याच्या तळाशी तळहात जाईल एवढी एक तिरकी फट.

फटीतून वारा येत होता. गार, ओला, थांबून थांबून.

भाऊजींनी एक खडा आत टाकला. तिघांनी कान दिले. खडा काही बोलला नाही. मग इरावतीने गाडीतून पाण्याची पातळी मोजायची टेप आणली, टोकाला पाणी लागलं की पीं वाजणारी, आणि फटीत सोडली. दोन मीटर. चार. सहा. टेप तिच्या बोटांतून आपणहून सरकत होती, जशी कुणी खालून ओढतंय. सात मीटर तीसवर ती वाजली.

विनयाताईने दोन्ही हातांनी कानच झाकले. "गाडीत बसू या," ती म्हणाली. "इरा, तू पण. आत्ता." ओळ खोडण्याबद्दल ती पुन्हा एक शब्दही बोलली नाही.

सोमवारी मरेने सगळं ऐकून घेतलं. "फट असेल उन्हाळ्यात तडकलेली. कलश तिच्यात पडला. चिकणमाती तडकतेच. म्हणून काही डोंगर चालायला लागत नाही." त्याने मार्चमधला सर्व्हेचा कागद काढला. "हे बघ. प्लॉटच्या खुंट्या. खुंटीपासून खुंटीचं अंतर, मिलिमीटरसुद्धा फरक नाही. डोंगर चालत असता तर खुंट्या हलल्या नसत्या?"

इरावतीने जाऊन टेप लावली. खरंच की! एक मिलिमीटर फरक नाही. त्या रात्री तिने खोडरबर टेबलावर काढून ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसली. आणि मग तिला बसमध्ये बसल्यासारखं वाटलं. बसमध्ये शेजारची सीट हलते का कधी? समोरची हलते? बस कितीही धावू दे, सीटपासून सीटचं अंतर तेवढंच!

युनिव्हर्सिटीतून तिने कोन मोजायचं यंत्र उसनं आणलं. रस्त्यापलीकडे, ओढ्याच्याही पलीकडे, खडकात रोवलेला एक जुना काँक्रीटचा खांब होता, त्या उताराशी काही नातं नसलेला. तिथून तिने खुंट्या मोजल्या. तीन बुधवार, जेवणाच्या सुट्टीत. वरच्या अंगाच्या घरातली बाई त्या वेळी कपडे वाळत घालत असायची. ती हात करायची, इरावतीही करायची. बाईच्या दोन छोट्या मुली उतारावरून गडगडत यायच्या आणि पुन्हा वर पळायच्या.

पहिल्या बुधवारी आलेला आकडा तिने नुसता लिहून ठेवला. पुढच्या बुधवारी खुंट्या चार मिलिमीटर खाली. तिसऱ्या बुधवारी तेरा, आणि मधल्या आठवड्यात पावसाचा थेंब नव्हता. सगळ्या खुंट्या, सगळं कुंपण, सगळं गवत, गाईंसकट, एकमेकांचा हात धरून एकाच दिशेने चाललं होतं, आणि म्हणून जागचं काहीच हललेलं दिसत नव्हतं.  एवढा मोठा डोंगर, आणि चाहूल नाही!

एकोणीस ऑगस्टला तिने फाइल मरेच्या टेबलावर ठेवली. आकड्यांचं पान वर, नोंदींचं खाली. 'सुपारी एक, तांब्याचा तुकडा, हळदीची चव' ही ओळ होती तिथेच होती, आता पेन्सिलीने नाही, शाईने.

"सही नाही केलीस तर नको करूस," ती म्हणाली. मनात हजारदा घोकलेलं वाक्य होतं ते आणि तरी मध्ये एकदा अडकलं. "पुढच्या वर्षी येईन. पण ही ओळ घेऊनच येईन."

मरेने आकडे वाचले. पुन्हा वाचले. मग किल्ल्या उचलल्या. "चल."

 प्लॉटवर गुडघे टेकून त्याने फटीवर उघडा तळहात धरला. तीन आठवड्यांपूर्वी जिच्यात तळहात जात होता, तिच्यात आता कोपर मावलं असतं. वारा येत होता. गार, ओला, थांबून थांबून. मरे कितीतरी वेळ तसाच राहिला, जसा कुणी झोपलेल्याच्या नाकाशी हात धरून बघतो. उठला तेव्हा त्याचं तोंड मातीच्या रंगाचं झालं होतं. पण तो फटीकडे बघतच नव्हता. वर बघत होता.

"त्या घरात कोण राहतं?"

"एक बाई. दोन लहान मुली आहेत तिला."

"ब्याण्णव साली," मरे म्हणाला, "तिथे मी दोन बोअर घेतले होते. आरसा मलाही मिळाला होता. जुनी घसरण, मेलेली, असं लिहिलं मी. सही माझी आहे."

वारा पडला होता. दोरीवरचे कपडे हलत नव्हते.

मरेने गाडीच्या बॉनेटवर फाइल उघडली, शेवटचं पान काढलं आणि सही केली. पेन दोनदा कागदात रुतलं. चार वर्षं ह्या क्षणाची वाट बघितली होती इरावतीने. तेव्हा आपण उड्या मारू, ओरडू, ताईला फोन करू असं काय काय ठरवलं होतं तिने! आता ती फक्त त्या पानाकडे बघत राहिली. एवढीशी तर असते सही. तिच्यावर माणसं घर बांधतात, आत झोपतात.

दोघं उतार चढून गेली. घराची पायरी घरापासून बोटभर सुटली होती. मरेने दार वाजवलं. आतून पावलं आली, कडी निघाली, पण दार उघडलं नाही. कुणी आतून ओढलं, पुन्हा ओढलं. "मम, लाथ मार!" एक मुलगी ओरडली. धाडकन आवाज झाला आणि दार एकदाचं उघडलं. तीच बाई, हातात ओला टॉवेल, हसत.

"सॉरी हं! पावसाने फुगलंय बहुतेक. गेल्या आठवड्यापासून अडकतंय."

गेल्या आठवड्यात पाऊस नव्हता. मरेने तोंड उघडलं. त्याच्या भुवया हलल्या, ओठ हलले, पण एकही शब्द बाहेर पडला नाही. त्याने इरावतीकडे पाहिलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्यापेक्षा लहान दिसला.

इरावती एक पाऊल पुढे झाली.

"किया ओरा," तिने माओरीत नमस्कार केला. "मी इरावती. मी भूवैज्ञानिक आहे. आपण नीट बसून बोलू, मी सगळं समजावून सांगते. पण त्याआधी मुलींना बाहेर घ्या. आत्ता, लगेच."